उजवी बाजू एक इंच वर

"आम्हा दोघांतला तुझा भाऊ कोण रे? मी, का तो मार्लो?"

ज्यूडने हे विचारलं तेव्हा त्याचा थोरला भाऊ एमेट गाडीखाली होता. त्याचा एक हात तेवढा बाहेर आला होता, तळवा वर, बोटं पसरलेली. "पाऊण इंची पाना दे, शेपटा," एवढंच तो आतून म्हणाला. लहानपणापासून ज्यूड त्याच्या मागे मागे असे, म्हणून शेपूट.

ज्यूडने पाना दिला नाही. हात थोडा वेळ वाट बघत राहिला. मग एमेट स्वतःच सरपटत बाहेर आला, पाना घेतला आणि परत आत गेला. प्रश्न तसाच राहिला.

एवढं विचारायला काही मोठं घडलं नव्हतं. एकाहत्तर सालची डस्टर गाडी, एमेटने चार वर्षं राबून उभी केलेली. मागे रुंद टायर बसवायचे तर चाकांवरचे आतले पत्र्याचे घुमट मधोमध कापून तीन इंच वाढवावे लागतात, आणि गाडी पेलणारे स्प्रिंगचे पाटेही तेवढेच आत सरकवावे लागतात. डावा घुमट एमेटने स्वतः जोडला. उजवा ज्यूडचा, हे ठरलेलं होतं. ज्यूडने नववीत शाळा सोडली. वाचताना त्याला अजून ओळीखाली बोट धरावं लागे. पण त्याच्या वेल्डिंगची शिवण बघून नदीपलीकडची ओहायोतली माणसंसुद्धा मान हलवत. आणि त्या शनिवारी तो गाडी ठेवलेल्या तबेल्यात आला तर उजव्या घुमटाशी गुडघे टेकून एमेटचा मित्र मार्लो बसलेला. डोक्यावर ज्यूडचाच वेल्डिंगचा मुखवटा.

ज्यूडने तो एक प्रश्न तेवढा विचारला. संध्याकाळी गाडी चाकांवर उतरली, तेव्हा ती उचलून ज्यांच्यावर टेकवायचे त्या दोन लोखंडी घोड्या त्याने उचलल्या आणि आपल्या पिकअपच्या हौद्यात टाकल्या.

"घोड्या माझ्या आहेत," तो म्हणाला. "लागतील तेव्हा मार्लोकडे माग."

एमेट हसला. "रुसलं वाटतं शेपूट!"

दुसऱ्या दिवशी रविवारी एमेटने घोड्यांच्या जागी सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावले. असा ब्लॉक तासभर ओझं धरतो, दोन तास धरतो, आणि मग न तडकता, न बोलता त्याची एकदम भुकटी होते. त्या खोऱ्यातल्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. बारा वर्षांच्या ज्यूडने एकदा असा ब्लॉक लावला होता, तेव्हा एमेटने त्याच्या कानाखाली आवाज काढला होता.

एमेटचा देह गाडीखालून काढल्यावर शेरीफच्या माणसाने विचारलं, "तबेल्यात घोड्या नव्हत्या का?"

ज्यूड बुटांकडे बघत राहिला.

तीन आठवडे गेले. नोव्हेंबरचा शेवट, हरणांच्या शिकारीचे दिवस. दुपारी डोंगरातून बंदुकांचे बार ऐकू येत आणि गावात माणूस दिसत नसे. मयताच्या वेळी शेजारणींनी जेवण भरून आणलेली भांडी ज्यूडच्या आईने धुऊन ओट्यावर मांडली होती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

"हे मार्लोच्या आईचं," आई म्हणाली. "देऊन ये. आणि ऐक, उद्या मार्लो गाडी न्यायला येणार आहे."

"आपली गाडी?"

"एमेटची. मला ती दारात नको. त्याने मागितली, मी हो म्हटलं."

"मीही मागितली असती."

"तीन आठवड्यांत त्या तबेल्यात पाय तरी ठेवलास का तू?" आईने त्याच्याकडे बघितलं नाही. "भांडं फोडू नकोस. रागावलास की तुझ्या हातात काही टिकत नाही."

ज्यूड भांडं घेऊन निघाला खरा, पण मार्लोच्या घराकडे वळलाच नाही. अंगणापलीकडे पूर्वी तंबाखू सुकवायचा तो जुना तबेला होता, त्याचं दार त्याने लोटलं. उद्या गाडी जाणारच, तर उजवी शिवण तरी माझ्या हातची असू दे. मार्लोने घातली असेल तर मी ती कापून काढीन.

आत थंडी होती. फळ्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे आडवे आले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. जुन्या तंबाखूचा वास, वंगणाचा वास आणि त्यात पुदिन्यासारखा एक गोडसर वास... एमेट गालात धरायचा त्या सुगंधी तंबाखूचा. आता तीन आठवडे झाले होते. ज्यूडने भांडं बाकावर ठेवलं.

अग्निशमनवाल्यांनी गाडी उचलून बाजूला घेतली होती आणि तिच्या चाकांवर उभी करून ते गेले होते. ब्लॉकची पांढरी भुकटी कुणी झाडली नव्हती. ज्यूडने तिच्याकडे पाठ केली आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं. काय, ते चटकन कळलं नाही.

मग कळलं. गाडी सरळ उभी होती.

असल्या गाडीचे पाटे सारखे नसतात. उजवीकडचा जास्त पात्यांचा आणि जास्त कमानदार असतो, कारण जोर दिला की गाडी अंग पिळते आणि तो पीळ उजव्या पाट्याने सोसायचा असतो. म्हणून रिकामी उभी असताना ती उजवीकडे एक इंच वर दिसते. एमेट दरवेळी घडीची पट्टी काढून जमिनीपासून पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजायचा आणि तेच वाक्य म्हणायचा: "उभी गाडी सरळ दिसली, तर समजायचं उजवीकडे कुणीतरी बसलंय."

ज्यूडने पट्टी लावली. डावीकडे सव्वीस इंच. उजवीकडेही सव्वीस.

"मार्लो!" तो पुटपुटला. "गाढवाने पाटे उलटे बसवले."

त्याने आडवा होऊन कडेने बघितलं, बोट लावून पाती मोजली. डावीकडे पाच. उजवीकडे सहा. पाटे बरोबर होते.

तो हळूच उठला. डावीकडे चालवणाऱ्याची जागा, तिथली काच धुळीने माखलेली. उजवीकडची काच मात्र आतून पुसल्यासारखी स्वच्छ. त्याने उजवं दार उघडलं.

कुणी नव्हतं. पण बैठकीचा काळा रेक्झीन मधोमध दबला होता, आणि सीटचा पट्टा रिकाम्या जागेवर आडवा, ताणून लावलेला होता.

भीती वाटायला हवी होती. ज्यूडला आधी वाटला तो मत्सर, जिभेवर चढणारा, कडू. आता तरी ही जागा आपली होईल असं त्याने धरलं होतं. आताही इथे दुसराच कुणीतरी येऊन बसलाय. मरूनसुद्धा एमेटने शेजारी दुसऱ्यालाच घेतलं.

त्याने पट्टा खसकन सोडवला. "ऊठ," तो दातांतून म्हणाला. "कोण असशील तो असशील. ऊठ! ही माझी जागा आहे."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पाटे कुरकुरले, म्हातारं माणूस उठताना खुर्ची कुरकुरते तसे. रेक्झीनचा खळगा सावकाश भरून आला. दार ज्यूडच्या हातात वर सरकलं.

त्याने पळत जाऊन पट्टी लावली. उजवीकडे सत्तावीस. कुस्ती जिंकल्यासारखी त्याची छाती फुगली होती. मग तो तिथेच खाली बसला.

"काय रे, कुणाशी भांडतोयस?"

दारात मार्लो उभा होता, अंगात शिकारीचं भडक नारिंगी जाकीट. अंगाने थोराड, आवाजाने मऊ.

"तुझ्या आईचं भांडं तिथे आहे," ज्यूड म्हणाला. "घे आणि चालता हो."

"भांड्यासाठी आलो नाही. दार उघडं दिसलं. म्हटलं, तीन आठवड्यांनी का होईना, आला बाबा."

"उद्या नेणार ना गाडी? मग आज काय वास घ्यायला आलास?"

मार्लोने टोपी काढली. "तुझी आई भंगारवाल्याला फोन करत होती, ज्यूड. म्हणून मी मागितली. माझ्या शेडमध्ये झाकून ठेवणार होतो, तुझं डोकं ठिकाणावर येईपर्यंत. मला काय करायचीय? माझं पोट तरी मावतं का त्या स्टिअरिंगमागे?"

"उजवी बाजू वेल्ड करताना मावत होतं!"

"वेल्ड?" मार्लो बघतच राहिला. "अरे, मला त्याने गंज घासायला बसवलं होतं. ठिणग्या उडत होत्या, म्हणून तुझा मुखवटा घातला. त्या शिवणीला बोट लावू दिलं नाही त्याने मला. चार टाके घालून पत्रा धरून ठेवलाय, बघ जा. म्हणाला, हे शेपटाचं काम आहे, रुसवा उतरला की येईल."

ज्यूडने उठून आत वाकून बघितलं. चारच टाके होते.

"आणि नदीकाठच्या रस्त्यावर पहिली फेरी तूच मारणार होतास. त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. 'शेपूट चालवणार आणि मी उजवीकडे बसणार. पट्टा आवळून, डोळे मिटून.'" मार्लोने टोपी हातात फिरवली. "तुला नाही का सांगितलं?"

उन्हाचे पट्टे आता छताकडे चढले होते. ज्यूडने उघड्या दारातून त्या रिकाम्या बैठकीकडे बघितलं. सुटलेला पट्टा अजून हलत होता.

"तू जा, मार्लो," तो म्हणाला. "मला शिवण घालायचीय."

"मी पत्रा धरतो."

"नको. जा म्हटलं ना."

मार्लो भांडं घेऊन गेला. पावलांचा आवाज संपेपर्यंत ज्यूड थांबला. मग बैठकीशी वाकून तो अगदी हळू म्हणाला, "एमेट... चुकलं माझं. बस रे परत."

त्याने पट्टी लावली. सत्तावीस. पुन्हा लावली. सत्तावीसच.

मग करण्यासारखं एकच उरलं होतं. मागच्या बैठकीच्या जागी गुडघे टेकून त्याने मुखवटा खाली ओढला. मुखवट्याच्या आत भर दुपारीही रात्र असते. हिरव्या काचेपुढे तेवढा एक जळता ठिपका, बाकी सगळं काळं. शिवण धरून ठिपका पुढे सरकत होता. जळलेल्या लोखंडाचा वास... आणि पुन्हा पुदिना, या वेळी खालून, जमिनीकडून.

टक् टक्.

त्याच्या गुडघ्यांखाली लोखंडावर कुणीतरी दोनदा वाजवलं. पाना हवा असला की एमेट तसंच वाजवायचा. ज्यूडने शिवण सोडली नाही. हात थरथरला असता तर पत्रा जळाला असता, आणि ही शिवण त्याला बिघडवायची नव्हती. शेवटच्या बोटभर जागेपर्यंत ती नेऊन त्याने मुखवटा वर केला आणि तो बाहेर उतरला.

उजव्या दाराखाली, पत्र्याच्या कडेशी, एक हात बाहेर आला होता. तळवा वर, बोटं पसरलेली. पेरांत काळं वंगण. तळव्यावर सिमेंटची पांढरी भुकटी.

त्या जागेवरून मीच उठवलं त्याला... आणि तो परत गाडीखालीच गेला.

"थांब," तो शेवटी कसाबसा म्हणाला. "एवढ्यात नको. थांब जरा."

पिकअपच्या हौद्यात घोड्या तीन आठवडे तशाच पडल्या होत्या. उतरवायचं त्याच्याच्याने झालं नव्हतं. आता त्याने त्या आणल्या, जॅकने गाडीचा मागचा भाग उचलला, अॅक्सलखाली एक डावीकडे, एक उजवीकडे सारली, दोन्ही खिट्या ठोकल्या आणि एमेटने शिकवलं होतं तसं खांदा लावून गाडी हलवून बघितली. हलली नाही. तेव्हा कुठे त्याने पाऊण इंची पाना त्या तळव्यावर ठेवला.

हात आत गेला. खालून कट... कट... कट असा आवाज सुरू झाला. तेवढा बोल्ट सात-आठ हिसक्यांत बसतो. ज्यूड मोजत होता. वीस झाले, तीस झाले, आवाज थांबेना. त्याच्या लक्षात आलं. बोल्ट जागच्या जागी फिरत होता. पलीकडून डोकं धरायला दुसरं माणूस लागतं. ते काम एकट्याचं नव्हतंच कधी. त्या रविवारीही नव्हतं.

बाहेर दूरवर मार्लोची हाक आली. "ज्यूड! पत्रा धरायचा का रे?"

ज्यूडने जाऊन तबेल्याची कडी आतून घातली. हे कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. दुसरा पाना घेतला, घोड्यांच्या खिट्या पुन्हा एकदा चाचपल्या आणि पाठीवर आडवा होऊन तो गाडीखाली सरकला.

खाली कुणीच नव्हतं. नटावर पाना मात्र फिरत होता.

ज्यूडने दुसऱ्या बाजूने आपला पाना लावला आणि बोल्टचं डोकं घट्ट धरून ठेवलं.