लाल टोपी

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. दहा वर्षांत मी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नाही, आणि आज सांगतोय ती स्वतःचं कौतुक करून घ्यायला नक्कीच नाही.

पण घडलेलं सगळं खरं आहे. नावंसुद्धा बदललेली नाहीत.

फेब्रुवारीतला बुधवार. दुपारचे सव्वातीन. जागा, ब्लेकडेनचा माळ.

बुधवारी दुपारी आमच्या विद्यापीठात तास नसायचे. सगळे आपापल्या खेळाला. आम्ही डोंगर-माळावर लांब पल्ल्याचं पळणारे. चिखल, दलदल, दगडी बांध, थंडी. पैसे देऊन कुणी हे का करतं, असं माझे वडील विचारायचे.

क्लब आम्ही पोरंच चालवायचो. मी नेड, त्या वर्षीचा कॅप्टन. टॅम्सिन सेक्रेटरी. वही तिच्याकडे, मिनीबसची किल्ली माझ्याकडे.

आमच्यात एक जुनी पद्धत होती. पळताना एकजण मुद्दाम सर्वांच्या मागे राहायचा. त्याला आम्ही ‘शेपूट’ म्हणायचो. त्याच्या डोक्यावर लाल लोकरीची टोपी. नियम एकच. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही. कुणी दमला, लंगडला, रडत बसला, तरी त्याच्याबरोबर थांबायचं.

शेवटी माळाच्या लोखंडी फाटकाशी सेक्रेटरी विचारायची, “शेपूट?”

शेपूट म्हणायचं, “आत.”

मग फाटक बंद. डोकी कुणी मोजायचं नाही. शेपूट आत आलं म्हणजे सगळे आले, इतका साधा हिशोब होता.

त्या बुधवारी शेपूट मी होतो. कॅप्टन असलो म्हणून पाळी चुकत नाही.

आणि सर्वांत मागे होता अल्विन प्रॉसर.

अल्विन वेल्समधल्या एका खेड्यातून आलेला. गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट. पळण्यात अगदीच यथातथा. क्लबमध्ये तो गप्पांसाठी यायचा, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही.

“नेड, आज तुझी कासवाशी गाठ आहे,” तो हसत म्हणाला.

मला हसू आलं नाही. शनिवारी मोठी स्पर्धा होती. संघात सहाजण. सहाव्या जागेसाठी माझी आणि एका पहिल्या वर्षाच्या पोराची चुरस होती. कॅप्टनच संघाबाहेर राहिला तर लोक तोंडात शेण घालतील, ही भीती. आणि त्या दुपारी मी चालण्याच्या वेगाने अल्विनच्या मागे रखडत होतो.

माळाच्या माथ्यावर त्याचा पाय मुरगळला.

“जास्त नाहीये,” तो म्हणाला. “चालता येतंय. जरा हळू जाऊ.”

अजून हळू...

तेवढ्यात धुकं उतरायला लागलं. फाटक दोन मैलांवर. वाट सरळ उतरणीची. पाच मिनिटं मी त्याच्याबरोबर चाललो. फक्त पाच. मग डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

“तू तसाही शेवटचाच आहेस,” मी म्हणालो. “मग टोपी तूच घाल.”

तो माझ्याकडे बघत राहिला. चेष्टा आहे की खरं, हे त्याला कळेना.

“अरे, पण नेड...”

मी ऐकायला थांबलो नाही. उतारावर सुसाट सुटलो. सांगायला लाज वाटते, पण ते दोन मैल मी आयुष्यात सर्वांत छान पळलो.

फाटकाशी टॅम्सिन वही घेऊन कुडकुडत उभी होती. वहीत शेपटाच्या जागी माझं नाव होतं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं का? नाही. चूक तिची नव्हती.

“शेपूट?” तिने विचारलं.

खरं सांगायचं तर ‘मी टोपी दुसऱ्याला दिली’ हे कबूल करावं लागलं असतं. कॅप्टनने. सगळ्यांसमोर.

अल्विन दहा मिनिटांत येईल, तोवर सगळे कपडेच बदलत असतील, असा मी हिशोब केला.

“आत,” मी म्हणालो.

तिने फाटक लावलं.

मग मी कपडे बदलले. कुणीतरी चहाचा थर्मास हातात दिला. बसमध्ये शनिवारच्या गप्पा सुरू झाल्या. काचांवर वाफ धरली होती. मागच्या बाकावर कुणीतरी टोपी तोंडावर ओढून झोपलं होतं. तो अल्विनच, असं मी ठरवून टाकलं.

मागे वळून पाहिलं नाही. गाडी सुरू केली.

तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. एका दगडी बांधाच्या आडोशाला बसलेला. थंडीने गेला होता. लाल टोपी कानांपर्यंत नीट ओढलेली.

चौकशीत मला विचारलं, टोपी त्याच्याकडे कशी?

“त्यानेच मागून घेतली,” मी म्हणालो. “मी बराच वेळ त्याच्याबरोबर होतो. त्यानेच मला पुढे जा म्हटलं. मला वाटलं, तो दुसऱ्या वाटेने आधीच खाली आला.”

खोटं एकदा सुरू झालं की त्याला पाय फुटतात.

प्रॉसरबाई, म्हणजे अल्विनची आई, पहिल्या बाकावर बसल्या होत्या. वयस्कर, बारीकशी बाई. एकुलता एक मुलगा, तोही उशिरा झालेला. बाहेर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

“शेवटी त्याच्याजवळ कुणीतरी होतं,” त्या म्हणाल्या. “तू होतास. मला तेवढं पुरे.”

बोल लागला तो टॅम्सिनला. डोकी का मोजली नाहीस, म्हणून. तिने क्लब सोडला, माझ्याशी बोलणंही सोडलं. मला मात्र ‘बिचारा नेड’ म्हणत पुन्हा कॅप्टन निवडलं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा ब्लेकडेनला गेलो. फेब्रुवारी. बुधवार.

आता डोकी मोजायचा नियम झाला होता. अकराजण माळावर गेले होते. वही घेऊन मी फाटकाशी उभा होतो. शेपूट होती ब्रायनी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी. अल्विनबद्दल तिला एवढंच माहीत होतं, की मागच्या वर्षी कुणीतरी गेला.

साडेचार वाजले. उजेड विझत आला होता आणि धुकं पुन्हा उतरलं.

दहाजण आले.

मग ब्रायनी आली. फाटकाच्या पलीकडे तीन-चार पावलांवर थांबली.

“आत ये की,” मी म्हणालो.

“कशी येऊ? मागे एकजण आहे.”

“अकरा झाले. तू अकरावी.”

“मग हा कोण?”

तिने मागे धुक्याकडे बोट दाखवलं.

आणि मग ऐकू आलं...

छप्प... छप्प.

मध्ये थोडी शांतता.

छप्प... छप्प.

एक पाऊल जड, एक हलकं. कुणीतरी चिखलातून लंगडत येत होतं.

“कधीपासून मागे आहे तो?” मी विचारलं.

“माथ्यापासून. मी थांबले की तो थांबतो. म्हटलं, अरे बाबा, मी शेपूट आहे, तू पुढे हो. तर ऐकेच ना.”

“बोलला काही?”

“हो.” ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती. “म्हणाला... नेड म्हणालाय, मी तसाही शेवटचाच आहे.”

हे वाक्य जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक वर्षापूर्वीच मातीत गेला होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, त्यांना काही कळलं नव्हतं, पण मला वाटलं सगळ्यांना कळलं.

“कुणीतरी चेष्टा करतंय,” मी म्हणालो.

ब्रायनीच्या दंडाला धरून तिला आत ओढलं. फाटक लावलं. कडी घातली.

पावलं फाटकापर्यंत आली आणि थांबली.

पलीकडे कुणीही नव्हतं. फाटकाच्या गजांमधून धुकं दिसत होतं, तेवढंच.

मग कडी हळूच वर उचलली गेली...

आणि तशीच खाली आली.

धक्का नाही, आदळआपट नाही. आत येऊ का, असं विचारल्यासारखी. मी ‘ये’ म्हणालो नाही. सगळ्यांना बसमध्ये कोंबलं आणि निघालो.

त्या दिवसापासून ती पावलं माझ्या मागे लागली.

पळताना, चालताना, ऑफिसच्या जिन्यात. एक जड, एक हलकं. मी थांबलो की थांबायची. कधी जवळ आली नाहीत, कधी पुढे गेली नाहीत. त्याने मला एकदाही ओलांडलं नाही. तो शेपटाचं काम करत होता, मी सोडलेलं.

पळणं मी सोडलं. लग्न झालं. बायको म्हणायची, सारखं मागे काय बघतोस? मी म्हणायचो, मान अवघडलीय.

आणि दर नाताळला प्रॉसरबाईंचं कार्ड यायचं. दर वर्षी तेच वाक्य. ‘तू त्याच्याजवळ होतास, याचाच आधार आहे.’

दहा कार्डं झाली.

या फेब्रुवारीत ठरवलं, बास. जाऊन सांगायचं. त्यांनी थोबाडीत मारली तरी खायची.

गाडी त्यांच्या गावाबाहेर लावली आणि गल्लीतून चढ चालत गेलो. मागे ती पावलं. त्या दिवशी मात्र नेहमीपेक्षा भरभर. एकदा तर अगदी पाठीशी आली... त्याला घाई झाली होती.

प्रॉसरबाईंनी दार उघडलं. आता अठ्ठ्याहत्तरच्या. आणखी बारीक झालेल्या.

“नेड. केवढा बदललास रे,” त्या म्हणाल्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी विचारलं, “एकटाच आलास?”

मागे, उंबऱ्यापाशी, पावलं थांबली होती.

सांगायची वेळ तीच होती. तोंडात शब्द आले होते.

“हो,” मी म्हणालो. “एकटाच.”

आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यांनी चहा केला. अल्विनचे लहानपणीचे फोटो काढले. मी प्रत्येक फोटोनंतर म्हणायचो, आता सांगतो. त्या पुढचा फोटो द्यायच्या.

मग बाहेरून आवाज आला...

ठक. ठक.

दगडी पायरीवर कुणीतरी बूट आपटत होतं. तळव्यांचा चिखल झाडायला पळणारे आपटतात तसे.

प्रॉसरबाईंचा हात फोटोवरच थांबला.

“अल्विन असाच बूट आपटायचा,” त्या म्हणाल्या. “आत यायच्या आधी. मी ओरडायचे ना, चिखल आणू नकोस म्हणून.”

ठक. ठक.

“बघ रे जरा, बाहेर कुणी आहे का?”

दारापाशी मी बसलो होतो. हात लांब केला असता तर कडी हाताला लागली असती.

“वारा असेल,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवून त्यांनी चहा ओतला.

मी काहीही न सांगता निघालो. त्यांनी मला जवळ घेतलं. पायरीवर ओला काळा चिखल पडला होता. त्या गावात माती तांबडी आहे. तसला काळा चिखल ब्लेकडेनच्या दलदलीत असतो.

गल्ली उतरताना मी नेहमीसारखा कान देऊन चाललो.

मागे काहीच नव्हतं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. गाडीत बसल्यावर मी रडलो, आणि ते सुटल्याचं रडणं होतं, हेही सांगून टाकतो. घरी पोचला तो, मी स्वतःला समजावलं. आता आईजवळ आहे. आता सांगायची गरजच काय?

आठ आठवड्यांनी पत्र आलं. नाताळ नसताना त्यांचं पहिलंच.

अक्षर थरथरतं आहे. लिहिलंय, दर बुधवारी साडेचारच्या सुमाराला पायरीवर बूट वाजतात. त्या दार उघडतात. कुणी नसतं. आता त्या बुधवारी दुपारपासूनच दार सताड उघडं ठेवून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. गारठ्याने खोकला धरलाय, शेजारीण रागावते, पण त्या ऐकत नाहीत.

‘मला खात्री आहे तोच आहे,’ त्यांनी लिहिलंय. ‘उंबऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. मी कितीदा म्हटलं, चिखलासकट ये. तरी येत नाही. कशासाठी थांबलाय, नेड? तू त्याला शेवटचा भेटलेला. तुला काही माहीत आहे का?’

पत्र येऊन पाच बुधवार झाले. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.