जुईला तिकडं काय म्हणतात

संजीवनी देवकाते यांनी मोबाइल कानाला लावून तो मेसेज पुन्हा ऐकला.

“आई, आम्ही जर्मनीला सुखरूप पोचलो. जुई पाळणाघरात रमली. तिथल्या बाई तिला जुई म्हणून हाक मारतात, अगदी आपल्यासारखं. ड्युटीमुळं मला फोन घेता येणार नाही. काळजी करू नकोस.”

समोर जळोचीच्या कुशाबाई बसल्या होत्या. संजीवनीबाईंच्या बारामतीतल्या खासगी तपासाच्या छोट्या ऑफिसात पंखा होता, तरी त्यांच्या कपाळावरचा घाम हटत नव्हता.

“आवाज माझ्या रेश्माचाच हाय,” त्या म्हणाल्या. “पर पोरगी बोलत न्हाय, वाचल्यावानी वाटतंय. मी फोन लावते, उचलत न्हाय. चौकीत गेले तर म्हणाले, मेसेज येतोय न्हवं, मग हरवली कशी?”

रेश्मा जर्मनीत नर्स होती. नवरा इंद्रजित तिथंच अपघातात गेला, तेव्हा जुई तान्ही होती. त्याच्या वर्षश्राद्धासाठी ती लेकीला घेऊन सासरी डाळजला आली होती.

“श्राद्धादिवशी तिचे सासरे, तात्याबा, चारचौघांत बोलले, नात जाऊ देणार न्हाय. त्यांनीच डांबली असंल. दीर मात्र गुणाचा. ज्ञानेशनं बापाला चुकवून तिला मुंबईला विमानावर सोडलं म्हणं.”

“मग ती डाळजला अडकली असं तुम्हाला का वाटतं?”

“गेली असती तर मला भेटून गेली असती. तात्याबांनी वाटेतनंच माघारी आणली असंल.”

कोपऱ्यात बसलेला नागेश मध्येच म्हणाला, “मावशी, जुई नाव तिकडच्या लोकांना जमतं का हो?” तो संजीवनीबाईंची गाडी चालवायचा आणि तपासात मदतही करायचा.

कुशाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “कुठलं जमतंय! तिकडं ज लिहिलं तर य वाचत्यात. दवाखान्यात समदी पोरीला युई म्हणायची. रेश्मा आधी सांगून सांगून दमली. मग म्हणाली, आई, आता घरात जुई आन् भाईर युई.”

संजीवनीबाईंनी मेसेज आणखी एकदा लावला. मग उठून पर्स घेतली.

“नागेश, गाडी काढ.”

डाळजला तात्याबांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

“व्हय, म्हणालो मी!” ते खेकसले. “पोरगा तिकडं गेला. त्याची एवढी एक खूण राहिली, तीबी विमानात घालू? पर सुनंला कोंडून ठेवायला मी जनावर हाय का?”

“ती गेली हे तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळी उठलो तर खोली रिकामी. ज्ञानेश म्हणाला, मीच सोडून आलो. दोन थोबाडीत दिल्या त्याच्या.”

रेश्माच्या सासू गोजरबाईंनी पाणी आणलं. नातीचं नाव काढताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“इंद्रजित होता तवा रोज फोनवर दाखवायचा तिला. मागनं तितल्या बायका युई, युई करायच्या. मी म्हणायचे, उई काय, मुंगी चावली का? ह्येबी पोरीला चिडवायला युईच म्हणायचे.”

तात्याबांनी तोंड फिरवलं.

“आणि ज्ञानेश काय म्हणायचा?”

“त्यो कशाला बसतोय! भावाभावांत बोलणं नव्हतं. थोरल्याचा फोन आला की ह्यो ताटावरनं उठायचा.”

ज्ञानेशचं पॉलिहाऊस गावापासून लांब, उजनीच्या पाणफुगवट्याकडं होतं. आत ढोबळी मिरच्या तोडणीवाचून झाडावरच सुरकुतल्या होत्या. एकही गडी दिसत नव्हता. शेजारच्या पॅकिंग शेडमध्ये स्पीकरवर गाणी एवढ्या मोठ्यानं चालली होती, की बोलायला ओरडावं लागत होतं.

“आवाज जरा कमी करता का?” संजीवनीबाई म्हणाल्या.

“बटण बिघडलंय, मॅडम.” ज्ञानेश गोड हसला. “वहिनी मजेत आहेत. कालच व्हिडिओवर बोललो. पाळणाघरातली बाई जुई, जुई म्हणून खेळवत होती. मीच ऐकलं.”

“अगदी स्पष्ट जुई?”

“अगदी आपल्यासारखं!”

“गडी कुठं गेले?”

“लग्नसराई आहे. सुट्टी दिली.”

नागेश घाम पुसत जिन्याखाली उभा राहिला. वरच्या खोलीच्या खिडकीत कूलर घरघरत होता, बाकीच्या फटी प्लायवूडनं बंद होत्या. “वर गारवा दिसतोय. बसू या का?”

“वर खतं आहेत, औषधं आहेत. वास सहन व्हायचा नाही.”

गाडीत बसल्यावर नागेश म्हणाला, “माणूस बरा वाटला. म्हाताऱ्याच्या घराची झडती घेतली पाहिजे, ताई.”

संजीवनीबाई हवालदार खरातांना फोन लावत होत्या. मग त्यांनी कुशाबाईंना आणि तात्याबांनाही बोलावून घेतलं.

ऊन कलायच्या आत सगळे त्या शेडसमोर उभे होते. खरातांना पाहून ज्ञानेशचं हसू थोडं आखडलं, पण तो जिन्यापासून हलला नाही.

“रेश्मा जर्मनीला गेलीच नाही,” संजीवनीबाई स्पीकरच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. “मेसेजमध्ये तिनं आईला तेच सांगितलं. तिकडचे लोक पोरीला युई म्हणतात, हे मायलेकींना पक्कं ठाऊक. तरी ती म्हणते, अगदी आपल्यासारखं जुई. म्हणजे हाक मारणारी माणसंही आपलीच आणि ती जागाही इथलीच.”

“पण ताई, शिकले असतील की ते,” नागेश म्हणाला.

“शिकवून दमलेल्या बाईनं तेवढीच गोष्ट मुद्दाम का सांगावी? शेजारी उभं राहून कोणीतरी तिला बोलायला लावत होतं. त्याच्यासमोर तिला एवढंच करता आलं. ज्याला फरक माहीत नाही, त्याला ते साधं कौतुक वाटलं.”

त्या तात्याबांकडं वळल्या. “तात्याबा, कुशाबाईंचा संशय तुमच्यावर होता. पण तुम्ही स्वतः पोरीला युई म्हणायचात. तुम्ही किंवा गोजरबाई शेजारी असता, तर ते वाक्य तिथंच अडलं असतं. घरात हे माहीत नसलेला माणूस एकच. भावाचा फोन आला की ताटावरून उठणारा.”

“मला माहीत नव्हतं म्हणून मी गुन्हेगार?” ज्ञानेश ओरडला.

“नाही. काल तुम्ही जर्मनीतली बाई स्पष्ट जुई म्हणताना ऐकली, म्हणून. मेसेजमधलं रेश्माचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं मला परत दिलंत. आता सांगा, माल झाडावर सडत असताना गड्यांना सुट्टी का? खताच्या पोत्यांना कूलर कशाला? आणि हा स्पीकर कोणाचा आवाज झाकतोय?”

भिंतीवरच्या मेन स्विचचा खटका त्यांनी खाली ओढला.

गाणं तुटलं. कूलरचं पातं गरगरत थांबलं. मग वरून लहान मुलाचं रडणं आलं आणि पाठोपाठ दारावर धडाधड हात आपटल्याचा आवाज.

“माझी रेश्मा!” कुशाबाई जिन्याकडं धावल्या.

खरातांनी ज्ञानेशचा दंड धरला. तात्याबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. “का रं? का केलंस?”

“तिनं माझ्याशी लग्न करावं एवढंच म्हणत होतो,” ज्ञानेश पुटपुटला. “घरातली सून घरात राहिली असती. तुम्हालाच पाहिजे होती ना नात? आज ना उद्या हो म्हणाली असती.”

म्हाताऱ्याचा हात उठला आणि तसाच खाली आला. त्यांनी मुलाच्या खिशातून चावी काढली. गुडघ्यावर हात टेकत जिना चढून कुलूप त्यांनीच उघडलं.

रेश्मा उंबऱ्यापाशी थांबली. उजेडानं तिचे डोळे मिटत होते. जुई तिच्या मानेला घट्ट बिलगली होती. सासऱ्यांना दारात पाहताच ती दोन पावलं मागं सरली.

तात्याबा बाजूला झाले. “पोरी, मी बोललो ते बोललो,” ते म्हणाले. “त्याला वाटलं, मी त्याच्या पाठीशी हाय. तू जा. तुला जिथं जायचं तिथं जा.”

रेश्मा त्यांच्याकडं न पाहता पुढं झाली. आईच्या कुशीत शिरल्यावरच तिला रडू फुटलं.

खाली नागेशनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. रेश्मा जवळ आली आणि तिथंच अडखळली. तिनं आत डोकावून पाहिलं.

“हे दार आतून उघडतं ना?” तिनं विचारलं.

संजीवनीबाई आत बसल्या, दार लावून घेतलं आणि आतून उघडून दाखवलं. रेश्मानं जुईला आईकडं दिलं, स्वतः आत बसली आणि दार लावून पुन्हा उघडून पाहिलं. मग तिनं लेकीला घ्यायला हात पुढं केले.