केसभर डावीकडे

ती क्लबातल्या पूल खेळायच्या टेबलाखाली उताणी पडून पायाचा स्क्रू आवळत होती, त्यामुळे तो आत आला तेव्हा तिला दिसले ते फक्त त्याचे बूट. बूट काही एका जागी ठरेनात. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. खोलीत कुणी नाही अशा समजुतीने बुटांचा मालक स्वतःशीच मुलाखत देत होता.

“त्यांच्या काळी ते मोठे, आमच्या काळी आम्ही,” तो गोड आवाजात म्हणाला. मग जरा थांबून, आपल्या खऱ्या आवाजात — “मास्तरांना मी सात-तीनने घरी पाठवलं असतं.”

“कुठल्या कापडावर?” टेबलाखालून आवाज आला.

बूट जागच्या जागी उडाले. ती सरपटत बाहेर आली आणि केसांतली धूळ झटकत उभी राहिली. समोर यंदाच्या पूल स्पर्धेचा विजेता होता. पेपरात फोटो येतो तोच, फक्त फोटोत त्याचे कान इतके लाल नसतात.

“तुम्ही...?”

“मी टेबलं लावते. इथं सगळे मिस्त्री म्हणतात. आणि तुम्ही ज्यांना घरी पाठवताय ना, ते माझे बाबा. सध्या घरीच असतात.”

तो माफी मागायला गेला, त्याला शब्द सापडेनात, मग दोघंही हसत सुटले. इथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

तिचे बाबा म्हणजे मास्तर. एके काळी सलग अकरा वर्षं त्यांना कुणी हरवलं नव्हतं. त्यांच्या वेळचं टेबलावरचं कापड जाड, लोकरीचं. त्यावरून बॉल न्यायचा तर खांद्यापासून हात फिरवावा लागे. आताचं कापड पातळ आणि गुळगुळीत, मनगट हललं की बॉल पळालाच. क्लबात रोज संध्याकाळी यावरून जुंपायची. म्हातारे म्हणत, ही पोरं जुन्या कापडावर रडतील. पोरं म्हणत, आमच्यासमोर म्हाताऱ्यांची डाळ शिजली नसती. निकाल काही लागत नसे, आणि तो लागावा असं बहुतेकांना वाटतही नसावं, कारण मग संध्याकाळी करायचं काय?

विजेत्याला मात्र निकाल हवा होता. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. कधी क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक सैल झालंय म्हणून, कधी उगाच. मास्तर उभे कसे राहायचे, कोपर कुठं ठेवायचे, सगळं खोदून खोदून विचारायचा. एकदा तिने मागून त्याचं कोपर एका बोटाने वर ढकललं आणि ते बोट गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथं राहिलं. त्याने तक्रार केली नाही. महिनाभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कधी ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

“मला झोप लागत नाही गं,” तो एकदा म्हणाला. “जिंकतो, हार घालून घेतो, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच — मास्तर असते तर...”

घरी बाबांचं तेच. टीव्हीवर सामना लावून स्वयंपाकघर ते गॅलरी येरझाऱ्या घालायचे आणि पडद्यावरच्या पोरांना खांदा कुठे ठेवलाय म्हणून विचारायचे. विजेता रोज आपली चौकशी करतो हे कळल्यावर ते थबकले. म्हणाले, माळ्यावरचं जुनं कापड काढ आणि लाव. येत्या रविवारी सकाळी, जो आधी सात डाव जिंकेल तो.

आई गेल्यापासून बाबांना सकाळी अंथरुणातून उठवत होतं ते त्यांचं नाव. सहासष्टाव्या वर्षी, चष्मा लावून, दुखऱ्या गुडघ्याने सगळ्या क्लबासमोर ते हरले तर? आणि विजेता हरला तर तो सोमवारी पुढच्या स्पर्धांसाठी निघून जाणार होता, मान खाली घालून, कदाचित कायमचा. आठवडाभर तिचं कशातच लक्ष लागेना. दोनदा दूध उतू गेलं. एकदा तर दार बाहेरून बंद करून किल्ली आतच विसरली.

शनिवारी दुपारी तिने कापड ताणून बसवलं, टेबल समपातळीत आणलं, आणि मग उजवीकडच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या बारीक घड्या सरकवल्या. टेबल केसभर डावीकडे झुकलं. जुन्या क्लबातलं टेबल असंच झुकलेलं होतं आणि बाबा तीस वर्षं त्यावर खेळले होते. जुनं म्हणायचं तर सगळंच जुनं असू दे, तिने स्वतःची समजूत घातली. पण तिने हे कुणालाच सांगितलं नाही, आणि मन खात होतं ते त्यासाठीच.

रविवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांचे मंद बॉल डावीकडच्या पॉकेटात स्वतःच्या पायांनी जात होते. तीन-एक. म्हातारे खूश. तिला विजेत्याकडे बघवेना. शेवटी बघितलंच, तर तो तिच्याकडेच बघत होता. रागाने नाही, जरासं हसून. त्या हसण्याने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

पाचव्या डावाला बाबा वाकले, आणि तसेच सरळ झाले. क्यू टेबलावर ठेवून दिला.

“मिस्त्री,” ते म्हणाले. घरी त्यांनी तिला या नावाने कधी हाक मारली नव्हती. “हे टेबल डावीकडे ओढतंय.”

“मुद्दाम तसं लावलंय, बाबा. तुमच्या जुन्या टेबलासारखं.” तिचा आवाज तिलाच धड ऐकू आला नाही.

“तीस वर्षं लोक म्हणत आलेत, मास्तर त्या झोकावर जिंकले. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. आणि खरं सांगू का पोरी, मलाही ठाऊक नाही. आज कळायची वेळ आली, तर तू मला हात धरून नेतेस होय?”

सगळ्यांच्या देखत ती टेबलाखाली शिरली आणि तिने पुठ्ठे काढले. बाहेर यावंसं तिला वाटेना. आधीचे डाव रद्द झाले आणि शून्यापासून पुन्हा सुरुवात झाली.

सहा-सहापर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटच्या डावात बाबांचा आठ नंबरचा बॉल पॉकेटाच्या ओठावर थांबला. विजेत्याने तो आत घातला, मग खांद्यापासून हात फिरवून नऊ नंबर, डाव जिंकून देणारा शेवटचा बॉल, लांबच्या कोपऱ्यात घातला. बाबा हरले.

त्यांनी क्यू टेबलावर आडवा ठेवला.

“खांदा कुणी शिकवला?” त्यांनी विचारलं. विजेत्याने तिच्याकडे पाहिलं. बाबांनी दोघांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. “बरं. पुढच्या रविवारी तुझ्या पातळ कापडावर. माझ्या मनगटात काय आहे तेही बघून टाकू.” आणि घरी चल म्हणून त्याचा दंड धरूनच निघाले. गुडघा दुखतोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

घरी पोचल्यावर ते आत गेले. ही दोघं गॅलरीत राहिली.

“तुला कळलं होतं,” ती म्हणाली.

“पहिल्याच बॉलला.”

“मग बोलला का नाहीस?”

“टेबल तू लावलं होतंस. तुझं नाव गेलं असतं.”

“आणि तू हरला असतास तर?”

“हरलो असतो.” तो कठड्यावरून खाली बघत होता. “आयुष्यभर लोकांनी तेच ऐकवलं असतं. मी विचार केला होता... चालेल म्हटलं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा हरणं सोसू शकतील हे तिने ओळखलं नव्हतं, आणि हा तिच्यासाठी हरायला निघाला होता हेही नाही. दोघांनाही तिने कमी लेखलं होतं.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “बाबांना हरवलंस तरी.”

आतून बाबांची हाक आली, त्याला विचार, जेवायला थांबतोय का.

“थांबतोस?” तिने विचारलं.

“उद्या सकाळची गाडी आहे माझी.”

“मी जेवायचं विचारतेय.”

“जेवायला थांबतो,” तो म्हणाला आणि त्याने कठड्यावरचा तिचा हात हातात घेतला. “पण उद्याचंही विचार ना.”

तिने उद्याचंही विचारलं.