उभ्या शेपटीचा मेंढा

“शेपटी बघ आधी, पंचफुले. लोंबली तर मेंढी, उभी ऱ्हायली तर शेळी. बाकी कशाला भुलू नको.”

बाबांनी हे शिकवलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. पूर्णेच्या काठी माझ्या बाबांचा, पुंजाजींचा, कळप सगळ्यांत देखणा, आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. पुढं मी सतरा वर्षांची झाले, त्या वर्षी आमच्याच मेंढीला एक कोकरू झालं. अंगावर लोकर नाही, नुसते केस – आणि शेपटी... सरळ उभी.

“मेंढीच्या पोटी शेळी. वंगाळ झालं,” बाबा म्हणाले. “बाजारी खाटकाला देऊन टाकू.”

त्याच सकाळी कळपाला सुया टोचायला हिंगोलीच्या जनावरांच्या दवाखान्यातून भुजंग आला. मूळचा आखाडा बाळापूरचा, आमच्यातलाच, पण शिकलेला. कोकरू माझ्या कडेवर होतं. भुजंगानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि नजर तिथंच जरा जास्त थांबली.

“काहून विकता, काका? मेंढरूच हाय की.”

“शेपटी दिसंना का तुला?”

“शेपटी तुटली तर मेंढी मेंढी ऱ्हात न्हाई का? लोकर कातरली की तुमचा कळप शेळ्यांचा होतो का?”

“देवानं दर जनावराचा साचा केलाय. त्यात बसंल तीच मेंढी.”

“साचा न्हाई, काका. आईकून लेकराला, लेकराकून त्याच्या लेकराला चालत आलंय. थोडं थोडं बदलत.”

देवाचं नाव निघालं आणि मला राहवेना. “बाबा, देव साच्यानं कशाला करंल? हातानं करत असंल. हातानं थापलेल्या दोन भाकरी कुठं सारख्या येतात?”

भुजंग सुई टोचायची विसरला. बाबांनी ते बराबर पाहिलं.

दुपारी त्याला भाकरी वाढली. मी जेवत नाही पाहून म्हणाला, “तुमी?”

“महादेवाला पाणी घातल्याबिगर न्हाई. रोजचा नेम हाय.”

“एक दिवस चुकला तर पंचफुला ऱ्हाणार न्हाई का?”

“ऱ्हाईन की... पण भाकरी अशी गोड लागायची न्हाई.”

तो हसला. मी पदर सावरत वळले – गाल तापलेले.

जाताना तो बाबांना म्हणाला, “मेंढ्यांत वाढवा त्याला. त्याच्याकून मेंढीला लेकरू झालं, तर हरलात.”

“हरलो तर काय पायजे?”

भुजंगानं माझ्याकडे पाहिलं, मग तो खाली बघत राहिला... कान लाल.

“आमच्यात पोरगी मागायला पोराकडचे येतात,” बाबा सावकाश म्हणाले. “पण हरलो, तर मी तुझ्या दारी येईन. पायी.”

मेंढा मोठा झाला. बाबांनी त्याला दोन मेंढ्यांसंगं वेगळ्या वाडग्यात कोंडलं आणि काट्याचं कुंपण स्वतः घातलं. पाच महिन्यांनी दोघी एकाच आठवड्यात व्याल्या. पिल्लं ठणठणीत, लोकरीची.

शेजारच्या तांड्यावरचा पेमा बघायला आला. “पुंजाजी, कुणाला कळतंय? पोराकडच्यांलाच येऊ दे. मान ऱ्हाईल.”

“मी बोललोय,” बाबा म्हणाले.

त्यांनी तोंड धुतलं, धुतलेला पटका बांधला, घोंगडी खांद्यावर टाकली.

“बाबा, गाडी जुंपू का?”

“पायी म्हणलो व्हतो, लेकरा.”

आणि ताठ मानेनं ते बाळापूरच्या वाटेला लागले.