हिरवी खूण

बसा ताई, दिवा तुमच्या बाजूला सरकवते. भिंगरीला मी माझ्या घरी का आणलं, हे तिच्या मावशीने विचारायचं नाही तर कुणी? सांगते. सुरुवात अगदी साधी होती. कॉम्प्युटर बिघडला होता.

आमच्या दादाला तुम्ही ओळखताच. निजायच्या आधी कडी लावली की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन बघणारा माणूस. पण कुठल्याशा फुकटच्या गेमने पडद्यावर लिहिलं, 'बसवताना अँटीव्हायरस बंद ठेवा', आणि या शहाण्याने ठेवला. चोरानेच सांगावं दार उघडं टाका, आणि घरमालकाने बरं म्हणावं, त्यातली गत. मग रोज त्याचा फोन. चालू केला तरी परत बंद होतो, बटणच दाबलं जात नाही, अँटीव्हायरसवाल्यांची साइटसुद्धा उघडत नाही. माझं ऑफिसातलं कामच हे, म्हणून मी बरेच दिवस फोनवरून उंटावरून शेळ्या हाकल्या. शेवटच्या फोनवर मात्र तो म्हणाला, "राहू दे गं, ठीक आहे सगळं. हिरवी खूण दिसतेय." दादा आणि निर्धास्त? कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. रविवारी दुपारी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी निघाले.

फाटक सताड उघडं होतं. कोतवाल पायरीवर बसला होता. त्या कुत्र्याचं आणि माझं पहिल्यापासून वाकडं, कधी सुखाने आत जाऊ दिलं नाही मेल्याने. त्या दिवशी त्याने नुसती मान वळवली आणि मी त्याला ओलांडून गेले. घराचं दारही उघडंच. आत भर दुपारी काळोख, पडदे ओढलेले, आणि ओले कपडे पेटीत कोंडून ठेवावेत तसा वास. तुमची बहीण सोफ्यावर बसून हसली. "आलात? बरं झालं," म्हणाली. दादा पेपर उघडून बसला होता, पण त्याची नजर एकाच जागी होती.

मी कॉम्प्युटरपुढे बसले. कोपऱ्यात हिरवी खूण, कशी टवटवीत. आत जाऊन बघते तर अँटीव्हायरसचं एकही काम चालू नाही. अशा व्हायरसची ही खोड असते, ताई. तो आल्या आल्या काही मोडत नाही. राखण करणाऱ्याला आधी निजवतो, आणि त्याचं तोंड तेवढं दारात तसंच ठेवतो. म्हणून आजारी मशीनलाच 'बरं आहे का' विचारण्यात अर्थ नसतो, ते बरंच म्हणणार. बाहेरून तपासावं लागतं. मी इंटरनेटची वायर काढली, मशीन बंद केलं, आणि माझ्या घरच्या स्वच्छ कॉम्प्युटरवर तयार करून आणलेल्या पेनड्राइव्हवरून ते चालू केलं. असं केलं की त्याच्या आतलं काही जागंच होत नाही. स्कॅन सुरू झाला. खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तेव्हा आतल्या खोलीतून भिंगरीचा आवाज आला. कुणाला तरी हळूच "नको" म्हणत होती.

मी वहिनीकडे पाहिलं. हीच बाई पोरीने कूस बदलली तरी उठून बसायची. ती हसतच होती.

"भिंगरी कुणाशी बोलतेय?"

"तिचं चालूच असतं काहीतरी..."

"वहिनी, रडतेय ती."

"हो का? ठीक आहे सगळं."

"ठीक आहे," दादाही म्हणाला. अगदी त्याच सुरात.

मी आत गेले. पोर पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती. तो वास इथे दाट होता. तिच्या शेजारी गादीवर खोलगट दाब पडला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वर आला... कुणी उठल्यावर येतो तसा.

"आत्या, तू त्याला जा म्हण ना," भिंगरी कुजबुजली. "आई आधी म्हणायची. बाबापण. कोतवाल तर किती भुंकायचा. आता कुणीच म्हणत नाही..."

"कुणाला, राजा?"

तिने माझ्या खांद्याच्या मागे पाहिलं. "तो विचारतोय, तू कोण."

मी घाबरले, ताई. लाज कसली सांगायला? पण ओरडले, "चालता हो इथून," आणि पोरीला उचललं. मशीन बिघडलं की त्यातली मोलाची वस्तू आधी बाहेर काढायची, दुरुस्तीचं मागाहून बघायचं, एवढं मला कळतं. तिला कडेवर घेऊन मी दोघांच्या समोरून निघाले. स्कॅन तसाच चालू राहिला. पोटची पोर कुणी घेऊन जातंय, आणि आईबाप बसल्या जागेवरून हसून हात हलवतायत. भिंगरीने माझी मान इतकी घट्ट धरली होती की वळ उठले.

इथे आणल्यावर मी डोळ्यांत तेल घालून बसायचे. तिने "आला" म्हटलं की उठायचं, सगळे दिवे लावायचे, "जा, जा" म्हणून ओरडायचं. शेजाऱ्यांना वाटलं असेल, बाई कामातून गेली. घसा बसला माझा. पण तो जायचा हो.

हल्ली तसा काही त्रास नाही. म्हणजे ती बोलवायची अधूनमधून... पण सारखं काय उठायचं? मला छान झोप लागते. वास येतोय म्हणता? असेल. मला नाही येत. काल दादाशीही बोलणं झालं, तोही म्हणाला, ठीक आहे.

छे, तुम्ही नका उठू. आतल्या खोलीतच आहे ती. मला हाक मारायची बंद झाली, त्याचं आधी फार वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. बघा, आलीच दारात. एक हात असा वर का धरलाय कोण जाणे, उंच माणसाने धरल्यासारखा. मला सोडून तुमच्याकडेच बघतेय. काहीतरी म्हणतेय तुम्हाला.

म्हणू दे. तुम्ही चहा घ्या ताई, निवतोय.