चिमणीचा घास

पोटाच्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम म्हणजे अंडी फेटणं. त्यात कॅमेऱ्याला दिसणाऱ्या सौम्य किरणोत्सारी औषधाचे थेंब मिसळायचे, ते अंडं शिजवून पावाबरोबर रुग्णाला खाऊ घालायचं, आणि मग त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करून तो घास पोटातून आतड्यात कसा उतरतो ते दुपारपर्यंत पाहत बसायचं. कॅमेरा चालवणारा तंत्रज्ञ येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "आमच्या हॉटेलात एकच पदार्थ मिळतो, आणि तोही बिनमिठाचा." विनोद वापरून वापरून झिजला होता, तरी घाबरलेली माणसं हसायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे पोटबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जठर कसं हलतं हे पाहण्यात घालवली होती. "जठर म्हणजे पिशवी नव्हे, मळणारा हात आहे," असं त्या विद्यार्थ्यांना सांगत. वरून लाट उठते, खाली सरकते, घास दाबते, घुसळते, आणि पुरेसा बारीक झाला की खालच्या दारातून थोडा थोडा पुढे सोडते. ना घाई, ना गडबड.

त्यांची धाकटी बहीण तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. भरदार खांद्यांची, पण घरातलं नाव चिमणी. वसंतात कधीतरी तिला जेवणानंतर मळमळायला लागलं. मग वजन उतरू लागलं. उन्हाळा सरेपर्यंत तिचे खांदे हँगरसारखे दिसायला लागले आणि तलावाचं काम सुटलं. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा पोटबाईंनी तिला आपल्याच कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

चिमणीने अंडं निमूट खाल्लं. पडद्यावर जठराच्या जागी उजळ डाग उमटला. तो हलेना. एकही लाट नाही. पोटबाईंना वाटलं, चला, निदान सापडलं तरी. पोट थिजलंय, यावर औषधं आहेत.

मग डाग फिकट होऊ लागला.

"उतरतंय की," तंत्रज्ञ म्हणाला. मग पुढे वाकून त्याने डोळे बारीक केले. "पण मॅडम, आतड्यात काहीच येत नाहीये."

दुपारपर्यंत जठर रिकामं झालं. आतडं काळंच होतं. वरही नाही, खालीही नाही. चिमणीला उलटी झाली नव्हती. पूर्ण देहावरून कॅमेरा फिरवला, तरी खाल्लेल्या अंड्याचा मागमूस नव्हता. तंत्रज्ञाने स्वतः अंडं खाऊन यंत्र तपासलं. यंत्र ठणठणीत होतं.

"ताई, काय झालंय मला?" चिमणीने विचारलं.

"बघतेय गं," पोटबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जंग जंग पछाडलं. पोटाला चालना देणारी सगळी औषधं दिली, परदेशातल्या तज्ज्ञांना प्रतिमा पाठवल्या. सगळ्यांनी यंत्र तपासायला सांगितलं. घरी त्या स्वतः चिमणीला चमच्याने भरवत. ती कसोशीने गिळायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण नाही म्हणायची नाही. तरी ती काडीकाडीने संपत चालली होती.

त्या दिवसांत पोटबाईंची भूक मेली. जेवणाचा डबा तसाच परत यायचा. काळजीनेच, दुसरं काय, असं त्यांना वाटायचं. पण एकदा त्यांना कपडे घट्ट होताना पाहून आई बोलून गेली, "काळजीने माणसं वाळतात. तुझं उलटंच चाललंय."

आईच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तरीही ते वाक्य पोटबाईंच्या मनातून जाईना. त्या संध्याकाळी चिमणीला बटाट्याचं सूप भरवताना त्यांना ढेकर आला. ढेकराला बटाट्याची चव होती. सकाळपासून त्यांच्या तोंडात पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमणीला पुन्हा अंडं खायला घातलं. तिचा डाग फिकटू लागताच तिला बाजूला बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

तंत्रज्ञाने एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्हीही अंडं खाल्लंत का?"

"नाही."

"चाखलंत तरी असेल."

"नाही म्हटलं ना."

पडद्यावर त्यांचं जठर लख्ख उजळलं होतं. वरून लाट उठत होती, खाली सरकत होती, घास मळत होती. इतकं सुरेख चालणारं पोट पोटबाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. तंत्रज्ञाने पडदा बंद केला आणि तो हात धुवायला गेला. नंतर त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली.

अंतर पडलं तर हे थांबेल म्हणून पोटबाई लांबच्या गावी जाऊन राहिल्या. चिमणी इकडे जेवली की तिकडे त्यांचं पोट भरायचं. घशात बोटं घालून त्यांनी उलटी काढली. चिमणीने खाल्लेलं गाजर बाहेर पडलं. बेसिनच्या कडा धरून त्या हमसून हमसून रडल्या. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा अभ्यास केला, त्या गोष्टीने आपल्याच घरात येऊन असा डाव साधावा?

परत आल्यावर त्यांनी चिमणीला सगळं सांगून टाकलं. चिमणी उशीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे वाया जात नाही तर," ती म्हणाली. आणि हसली. "मग सांग, आज काय खाणार?"

"चिमणे, असं बोलू नकोस."

"लहानपणी तुझ्या ताटातलं पळवायचे ना मी? फेड म्हण."

त्या दिवसापासून चिमणी ताईच्या आवडीचंच मागायला लागली. पोटबाईंना तो प्रत्येक घास आत उतरताना कळायचा. नको नको म्हणावं, तर खाणं थांबलं की चिमणीचा जीव जाणार. खाऊ द्यावं, तरी जाणारच. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून भिंतीवर डोकं आपटून घ्यायच्या, आई येऊन त्यांना पोटाशी धरायची.

शेवटी एका सर्जनने मार्ग सुचवला. जठर टाळून नळी थेट आतड्यात घालायची आणि पातळ अन्न तिथूनच द्यायचं. तोंडाने काही म्हणजे काही नाही. बुडत्याने काडी धरावी तसा पोटबाईंनी तो उपाय धरला.

आणि तो लागू पडला! चिमणीच्या गालांवर हळूहळू मांस दिसू लागलं. ती उठून बसू लागली, खिडकीपर्यंत चालू लागली. आईने किती दिवसांनी रेडिओ लावला.

अशाच एका दुपारी पोटबाई कामावरून घरी आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. खरी, स्वतःची, कडकडून लागलेली भूक! त्यांनी आईला मिठीच मारली.

"वाढ मला. जे असेल ते वाढ."

आईने भात वाढला, बटाट्याची भाजी वाढली. पोटबाई तुटून पडल्या. शेजारच्या खोलीत चिमणी पडून होती, नळीतून तिचं जेवण ठिबकत होतं. सगळं कसं जागेवर आलं होतं.

ताट संपलं. भूक तेवढीच होती.

आईने कौतुकाने पुन्हा वाढलं. तेही संपलं. पोटबाईंनी पातेलंच पुढे ओढलं.

"ताई," आतून चिमणीने हाक मारली.

"काय गं?"

"जरा हळू."

आईच्या हातातला भाताचा डाव हवेतच थांबला.

पोटबाई उठून आत गेल्या. चिमणीने पांघरूण बाजूला सारलं होतं. तिचं पोट तटतटून वर आलं होतं. पोटबाईंनी त्यावर हात ठेवला, सवयीने, लाट शोधायला. हाताखाली सगळं गच्च होतं, कोमट होतं. आणि काहीच हलत नव्हतं.

चिमणीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"आणि नीट चावत जा गं," ती म्हणाली. "तुकडे टोचतात."