येते हं

टेकडीवर पॅराग्लायडिंग शिकायला आलेली माणसं झेप घेण्याआधी एकजात उजव्या कानाच्या पाळीला हात लावत. पुण्याची डॉक्टरीण असो नाहीतर नाशिकचा द्राक्षबागायतदार, हात वर जायची ढब तीच. नवख्याला वाटे, इथली काही रीत असेल. खरं तर ती तिथे उडायला शिकवणाऱ्या मारुती पडवळची सवय होती. आपल्या उस्तादाचं नाव मनात घेऊन तो कानाला हात लावायचा आणि मग उतारावरून धावायचा. एका कंपनीने त्याच्या हातांच्या हालचाली यंत्रात उतरवून घेतल्या, तेव्हा ही सवयही सोबत उतरली.

त्या यंत्राला टेकडीवर सगळे नुसतं ‘बाही’ म्हणत. कंपनीने दिलेलं भारदस्त नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. दंडापासून मनगटापर्यंत चढवायचं पातळ कापड, त्यात विणलेल्या तारा. तारांमधून स्नायूंना विजेचे बारीक झटके बसत आणि शिकणाऱ्याचे हात मारुतीच्या हातांसारखे हलत. विंगच्या, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाच्या, ब्रेकच्या दोऱ्या कधी ओढायच्या, किती ओढायच्या, कधी सोडायच्या, हे कळायला मारुतीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बाही चढवली की ते दुपारपर्यंत जमायचं. शिकवणाऱ्याने कॉलरच्या माईकवर साधं मराठी बोलावं, बाही ऐकायची. डावीकडे घे. हळू. थांब.

खांदा दुसऱ्यांदा निखळला तेव्हापासून मारुती स्वतः उडत नव्हता. “नाव मारुती आणि पाय जमिनीवर!” म्हणून गावातले लोक चिडवायचे, तोही हसायचा. पण आपले हात परक्या अंगांवर चढून आभाळात जाताना बघून त्याला आत कुठेतरी कसंसंच व्हायचं.

त्या सकाळी बाही चैतालीच्या अंगावर होती. चैताली त्याची एकुलती एक लेक. लहानपणापासून ती उडायचा हट्ट धरायची आणि तो दरवेळी काहीतरी निमित्त काढून टाळायचा. बाही आली आणि त्याच्याकडची निमित्तं संपली.

“माझंच हात हायेत तुज्याजवळ,” तो तिच्या हार्नेसचे पट्टे पुन्हा एकदा ओढून बघत म्हणाला. “तू फकस्त पळ. मधी थांबायचं न्हाई.”

“आप्पा, हे तुम्ही सकाळपासून किती वेळा सांगितलंत!”

वारा समोरून येत होता, जसा हवा तसा. चैतालीचा हात कानाच्या पाळीकडे गेला. तिने विंग उचलली, ती डोक्यावर तट्ट फुगली आणि चैताली धावत सुटली. पाय जमिनीवरून सुटता सुटता ती ओरडली, “येते हं, आप्पा!”

“ये, बाळा,” मारुती म्हणाला.

घरातून निघणारं माणूस ‘जाते’ म्हणत नाही आणि निरोप देणारा ‘जा’ म्हणत नाही. त्याची आई असंच बोलायची, तोही जन्मभर असंच बोलत आला होता. पण माईक कॉलरवर होता आणि बाहीला त्या शब्दाचा एवढाच अर्थ ठाऊक होता: परत ये.

चैतालीचा उजवा हात सर्रकन कंबरेपर्यंत खाली आला. विंग वळली, टेकडीच्या दिशेने.

काय झालं ते मारुतीला लगेच कळलं. झेप घेतल्या घेतल्या गर्रकन वळून पुन्हा माथ्यावर उतरायचं, ही त्याची जुनी करामत होती. जत्रेच्या दिवशी ती बघायला अख्खं गाव लोटायचं. हात तेच करत होते आणि चोख करत होते. पण त्या वळणात अर्धं काम कंबरेचं असतं, अंग आत झोकावं लागतं. बाही फक्त हातांना होती. कंबर चैतालीची होती आणि ती ताठ बसली होती. आता वारा तिच्या पाठीमागून रेटत होता आणि समोर उतारावरचे काळे खडक वेगाने जवळ येत होते.

“नगं! थां—” म्हणता म्हणता त्याने जीभ चावली. ‘थांब’ पुरतं ऐकलं असतं तर बाहीने दोन्ही दोऱ्या ओढल्या असत्या आणि विंग दगडासारखी खाली आली असती.

एकच शब्द उरला होता. तो त्याच्या तोंडातून निघेना. पोटच्या पोरीला, अशा घटकेला, तो शब्द?

“जा!” तो शेवटी किंचाळला. “चैताली, जा! जा!”

हात वर गेले. विंग सरळ झाली, मग बाहेरच्या बाजूला कलली. चैतालीचे बूट खडकावर खरडल्याचा आवाज वरपर्यंत आला आणि पुढच्या क्षणी ती दरीवर होती, खाली हिरव्या वावरांकडे तरंगत चालली होती. मारुती उतारावरून खाली धावला.

तो धापा टाकत खाली पोचला, तेव्हा ती बांधावर बसून घोट्यावरचं रक्त पुसत होती. तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम वळवताय.”

“तुला हात आवरता आलं न्हाईत?”

“आले असते. दोऱ्यांना जोर लावला असता तर आले असते. पण तुमचे हात होते ना, आप्पा. तुम्ही मला आपटाल असं कसं वाटेल? म्हणून सोडून दिलं.”

मारुतीला खडकापेक्षा हेच भयंकर वाटलं. लेकीने त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तिथे तो नव्हताच.

संध्याकाळी त्याने कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस नम्र होता. “पुढच्या सुधारणेत ‘ये’ हा शब्द वगळू. तोवर सगळ्यांना निरोप देताना दुसरं काहीतरी म्हणायला सांगा ना, सर.”

“म्हंजी मान्सानं काय बोलायचं ते आता बाही सांगनार?” मारुतीने फोन ठेवून दिला.

सकाळी चैताली लंगडत टेकडीवर आली. बाही तिने घरीच ठेवली होती. मारुतीने नको म्हणून पाहिलं, रागावून पाहिलं, तिने ऐकलं नाही. “आज चुकले तर माझ्या हातांनी चुकेन,” ती म्हणाली.

मग त्याने तिला बसवून कंबर कशी झोकायची ते दाखवलं, पुन्हा पुन्हा, ऊन चढेपर्यंत. शेवटी त्याने कॉलरचा माईक काढून खिशात टाकला.

ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचा उजवा हात वर गेला आणि कानाच्या पाळीला लागला. हातावर बाही नव्हती. मारुती त्या उघड्या हाताकडे बघतच राहिला.

“येते हं, आप्पा.”

“ये,” तो म्हणाला, आणि ती धावत सुटली. काल हा शब्द ऐकणारं यंत्र होतं, त्याने तो चुकीचा ऐकला. आज ऐकणारी फक्त ती होती. मग तिला परत आणणार कोण? तिचेच हात.